आतली कडी

ढोबळेकाका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा आत येऊन बसायच्या आधी त्यांनी आमचं पुढचं दार उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहिलं. मग वाकून खालच्या बिजागरीला बोट लावलं, ते नाकाशी नेलं आणि म्हणाले, "गोडं तेल घातलंय. धूळ धरेल."

त्यांच्यामागे सुलभाकाकू सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन उभ्या होत्या. आम्ही मिसरोदला नुकतेच राहायला आलो होतो, खोकीसुद्धा सोडली नव्हती. ह्यांची नोकरी मंडीदीपला, माझं ऑफिस शहरात, म्हणून मधलं गाव बघून ही वसाहत निवडली होती. घरं एकमेकांना चिकटलेली. आमच्या बैठकीची भिंत ती त्यांच्या निजायच्या खोलीची भिंत.

"यांचं मनावर घेऊ नका," काकू म्हणाल्या. "सगळी नोकरी कारखान्यात तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यानं केलेलं नापास करायचं, एवढंच येतं यांना."

ते खरंच होतं. काकांच्या तोंडून मी कधी कशाचं कौतुक ऐकलं नाही. भाजी उत्तम झाली तर "चालेल." नातीला शाळेत बक्षीस मिळालं तर "चालेल." वसाहतीच्या देवळाला नवं दार बसवलं तेव्हा समितीनं मोठ्या आशेनं त्यांना बोलावलं. त्यांनी ते ढकललं, कान लावून ऐकलं आणि देवासमोरच सांगितलं की पावसाळ्यात हे फुगेल. पावसाळ्यात ते फुगलं. तेव्हापासून समितीतल्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं.

दारांचं वेड जुनं होतं. काकूंचं माहेर गोंदियाकडचं, तलावाकाठचं खेडं. काका नागपूरहून मुलगी पाहायला गेले, तर ओसरीचं दार उंबऱ्याला घासत होतं. पोहे यायच्या आधी त्यांनी सासऱ्यांकडे रंधा मागितला आणि दार उतरवून खालची कड तासली. हे काकू रंगवून सांगायच्या. "आमचे बाबा म्हणाले, हा बाप्पा मुलगी पाहायला आला आणि दार पाहून गेला." काका तेव्हा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "दार चांगलं होतं. लावणाऱ्याची चूक होती."

ही गोष्ट एके दिवशी काकूंनी मला सांगितली आणि चहाचा कप संपायच्या आत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी हसले. काका हसले नाहीत. त्यांच्याकडे बघून मला कळलं की हे पहिल्यांदा होत नाहीये.

मग ते वाढत गेलं. काकू मला नलू म्हणू लागल्या. नलू ही त्यांची धाकटी बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. मी आधी आधी दुरुस्त करायची, "काकू, मी शेजारची." एकदा काका मागून हळूच म्हणाले, "होऊन जा नलू. काय जातंय." त्यानंतर मी नलूच झाले. माझ्या लहानपणी मी विहिरीत चप्पल कशी टाकली, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

काका खोलीत आले की काकू पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसू लागल्या, परका पुरुष आल्यावर बसावं तशा.  आणि काका, जे आयुष्यभर त्यांना 'ए सुलभा' म्हणून हाक मारत होते, ते तेव्हापासून त्यांना अहो-जाहो करू लागले. "तुम्ही जेवून घेता का?" "तुम्हाला थंडी वाजून राहिली का?" त्यांच्या मुलीनं, मंजिरीनं, पुण्याहून आल्यावर हे ऐकलं आणि तिला वाटलं बाबा आईची थट्टा करताहेत. मी तिला बाजूला नेऊन सांगितलं. ती बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसली होती.

संध्याकाळ झाली की काकूंना घरी जायचं असायचं. काका त्यांना वसाहतीला वळसा घालून आणायचे आणि आपल्याच फाटकाशी येऊन म्हणायचे, "आलं तुमचं घर." काही महिने ते खपलं. पुढे एका दुपारी काकांचा डोळा लागला आणि काकू एकट्या बाहेर पडल्या. होशंगाबाद रोडच्या दुभाजकावरून, ट्रकांच्या मधून, अनवाणी मंडीदीपच्या दिशेनं चालल्या होत्या. कंपनीच्या बसमधून माझ्या यजमानांना त्या दिसल्या. हातातल्या पिशवीत एक पंचा आणि फणी होती.

दुसऱ्या दिवशी अशोका गार्डनहून रफीकभाई सुतार आले. ढोबळ्यांच्या घरातलं सगळं लाकूडकाम त्यांच्या हातचं. त्यांनी निजायच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. काका स्वतः समोर उभे होते, पण कडी नीट बसली की नाही, हे त्यांनी पाहिलं नाही. काम न तपासता माणसाला जाऊ दिलं, असं त्यांच्या हातून मी पहिल्यांदा पाहिलं.

ती कडी लागली की काकू आतून दार वाजवायच्या. आपटायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. कुणाच्या घरी गेल्यावर आपण जसं दबकत वाजवतो, तसं. मग थोडं थांबायच्या आणि पुन्हा. भिंतीतून आम्हाला ते ऐकू यायचं. मी दूरदर्शनचा आवाज वाढवायची. एकदा काही मागायला म्हणून गेले तर काका त्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. त्यांच्या आणि काकूंच्या मध्ये फक्त ती फळी होती. त्यांनी मला पाहिलं, पण उठले नाहीत.

त्याच वर्षी पावसाळ्यात काकू न्हाणीघरात पडल्या. दार आत उघडणारं, आणि काकू नेमक्या त्याला टेकून पडलेल्या. ढकललं तर त्यांनाच लागणार. बिजागऱ्या आतल्या बाजूला, त्यामुळे दार उतरवताही येईना. शेवटी ह्यांनी आणि समोरच्या गुप्ताजींनी वरचा भाग करवतीनं कापला. तेवढा वेळ काका गुडघ्यावर बसून खालच्या फटीतून बोलत होते. "हलू नका. मी इथंच आहे. आपण आता गोंदियाला जाऊ." काकूंचं उजवं मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण वाकडं. नंतर त्या सगळं डाव्या हातानं करू लागल्या.

पुढे जे तलावाचं वेड सुरू झालं, त्याचं मूळ या गोंदियात आहे. मनगटाचं प्लास्टर काढून परत येताना काका त्यांना शहरातल्या मोठ्या तलावावर घेऊन गेले आणि वल्ह्याची एक नाव घेतली. मीही बरोबर होते. काठापासून जरा आत गेल्यावर काकू सैलावल्या. खांद्यावरचा पदर सुटला तरी त्यांना भान नव्हतं. त्या पाण्यात हात घालून बसल्या आणि लहानपणच्या गावच्या ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, नावं घेऊ लागल्या. कोणाचा डोंगा मोठा, कोण फुकट फिरवायचा. संध्याकाळ होत आली तरी त्यांनी घरी जायचं म्हटलं नाही. काका त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मग एकाएकी काकू उठून उभ्या राहिल्या. नाव डचमळली, नावाडी ओरडला, मी त्यांचा दंड धरला. काठाला लागल्यावर नावाडी म्हणाला, "अम्मा को दुबारा मत लाना बाबूजी."

काका परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "उघडी नाव चालणार नाही. खोली पाहिजे."

मला वाटलं ते बोलण्यापुरतं असेल. पण पुढच्याच आठवड्यात टेम्पोतून एक जुनी, रुंद बुडाची नाव आली आणि त्यांच्या अंगणात दोन ओंडक्यांवर ठेवली गेली. मिसरोदच्या पलीकडे शेतीच्या पाण्याचा एक लहान तलाव आहे. तिथं मासेमारी करणाऱ्या रैकवारची ती नाव. त्यालाही काकूंसारखीच आई होती असं काकांना बोलता बोलता कळलं होतं, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. काकांनी नावेच्या मागच्या अर्ध्या भागावर बांबू आणि हलक्या प्लायची बुटकी खोली आखली. आत एक बाक, दोन्ही बाजूंना खिडक्या, माणूस वाकूनच आत शिरेल इतकीच उंची. उंच केली तर नाव कलंडेल म्हणाले. आखणी त्यांची आणि हात रफीकभाईंचा. खोली पटकन उभी राहिली.

काम अडलं ते दारापाशी.

आत उघडणारं दार काकांनी विचारातही घेतलं नाही. न्हाणीघराचं कापलेलं दार अजून त्यांच्या मागच्या भिंतीला टेकून उभं होतं. बाहेर उघडणारं करावं, तर काकूंनी ढकललं की तोल जाऊन सरळ पाण्यात. सरकतं दार करून पाहिलं. रफीकभाईंनी खोबणीत बसवलंही सुबक. पण काकूंना सरकवणं समजेना. त्या दाराला तळवा लावून ढकलत राहिल्या, मग मागे होऊन आमच्याकडे बघू लागल्या, आपलंच काही चुकलं असल्यासारख्या. काकांनी लगेच ते काढायला लावलं. मग रफीकभाईंनी अर्धं दार सुचवलं, खालची झडप बंद, वरची उघडी, म्हणजे अम्मा बाहेर बघतील पण येऊ शकणार नाहीत. मला ते फार पटलं. काका म्हणाले, "ते गोठ्याला असतं."

"तो परदा डाल दो साहब," रफीकभाई वैतागून म्हणाले. "मैंने शादी के तख़्त से जनाज़े के तख़्त तक सब बनाया, पर ऐसा दरवाज़ा नहीं देखा जिसका फ़ैसला ही ना हो."

काका पडद्यालाही तयार नव्हते. त्यांना दारच हवं होतं, आणि ते का, हे ते कुणाला सांगत नव्हते. कितीतरी दिवस ती नाव अंगणात दाराच्या मोकळ्या चौकटीसह पडून राहिली. येणारेजाणारे विचारायचे. वसाहतीत ढोबळ्यांचं डोकंही गेलं अशी कुजबुज झाली.

दिवाळीला मंजिरी आली आणि अंगणातली नाव बघून तिचा बांध फुटला. तिनं पुण्यात एक चांगली संस्था पाहून ठेवली होती, तिथं आईसाठी जागा मिळत होती. ती बोलत होती ते सगळं समंजस होतं. आईला चोवीस तास माणूस लागतं, बाबांचं वय झालंय, आणि अशा बाईला पाण्यावर नेणं म्हणजे वेडेपणा. काका बिजागऱ्यांना ग्रीस लावत ऐकत होते.

"बाबा, आई बुडाली तर?"

काकांनी हात पुसले. "आणि इथं काय चाललंय तिचं?" ते म्हणाले.

आत खोलीत तेव्हा कडी लागलेली होती आणि काकू दार वाजवत होत्या. मंजिरीनं जाऊन कडी काढली आणि आईला मिठी मारली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तुमचं कोणी गेलं का बाई?"

मंजिरी परत गेल्यावर काकांनी रफीकभाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी चौकटीत दार नुसतं दोरीनं बांधून एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून उघडणारं करून घेतलं आणि प्रत्येक वेळी काकूंना आत बसवून, "या बाहेर, चहा झालाय" अशी हाक मारली. बिजागऱ्या काकूंच्या उजवीकडे घेतल्या की त्यांचा डावा हात सरळ दाराच्या उघडणाऱ्या कडेवर जायचा. वाकड्या मनगटाला काही करावं लागायचं नाही. ते ठरलं. दार बाहेर उघडणार हेही ठरलं. रफीकभाईंनी मग पिशवीतून पितळी कडी काढली आणि बाहेरच्या अंगाला धरून म्हणाले, "इधर से कुंडी लगा दूँ, सेफ़ रहेगा."

काकांनी त्यांच्या हातातून ती घेतली. "बाहेर नको. आतून लावा."

"और अम्मा ने खोल दिया तो?"

"मी बाहेर असेन ना," काका म्हणाले. "दाराला लागूनच बसणार मी. उघडलं तर माझ्या गुडघ्यांवर उघडेल."

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कडी आतून लावली. काकांनी ती घालून, काढून पाहिली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. या खेपेला सगळं नीट तपासलं. "चालेल," म्हणाले.

जानेवारीतल्या एका उन्हाच्या सकाळी नाव तलावात उतरवली. वारा नव्हता. रैकवार आपली दुसरी नाव घेऊन जवळपास राहणार होता. मी त्याच्या नावेत बसले. काकू स्वेटर घालून, केसांना तेल लावून आल्या होत्या. त्या वाकून खोलीत शिरल्या, बाकावर बसल्या, खिडकीतून बघितलं. काका बाहेर, दाराकडे तोंड करून, वल्ही घेऊन बसले. नाव काठापासून सुटली. जरा आत गेल्यावर काकूंनी हात बाहेर काढला आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आम्हाला पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला.

काका वल्ही उचलून तसेच बसले. थोडा वेळ गेला. मग त्यांनी बोटाच्या पेरानं दार वाजवलं, हळूच.

"कोण?" आतून काकूंनी विचारलं.

"मी. मनोहर ढोबळे."

काकूंचा आवाज ठाम होता. चांगल्या घरातल्या, एकट्या असलेल्या बाईचा. "ते कामावर गेलेत. तुम्ही संध्याकाळी या."

रैकवारला मराठी समजत नसली तरी त्यानं वल्हं मारायचं थांबवलं. मला वाटलं काका आता समजूत घालतील, निदान पुन्हा हाक मारतील. ते पाठ वाकवून बसले होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "येतो संध्याकाळी."

नंतर त्यांनी नाव वल्हवायला सुरुवात केली. तलावाला मोठा वेढा घातला, मग दुसरा. आतून काकूंचं गुणगुणणं ऐकू येत होतं. कितीतरी महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं. त्या आपल्या घरात होत्या, दार त्यांनी स्वतः लावलेलं होतं, आणि घरधनी कामावर गेला होता. ऊन चढलं, रैकवार परतायची खूण करू लागला, पण काका त्याच्याकडे बघत नव्हते. शेवटी काकूंनीच कडी काढली. दार काकांच्या गुडघ्यांना लागलं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आलात? बसा. चहा टाकते."

"टाका," काका म्हणाले.

काठावर उतरल्यावर त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. वाटेत ते एवढंच म्हणाले, "मी घरी नसताना दार उघडायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. लग्न झालं तेव्हा." 

उन्हाळा लागेपर्यंत ते जवळजवळ रोज जात होते, आणि शिंगाडे मिळत होते तोवर काका ते सोलून काकूंच्या हातावर ठेवायचे. घरातली बाहेरची कडी त्यानंतर क्वचितच लागली. पण तेवढंच. काकू सुधारल्या नाहीत. मे महिन्यात त्यांचं गिळणं बंद व्हायला लागलं, पावसात त्या अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या दिवसांत त्या डोळे उघडून छताकडे बघायच्या आणि काका सरबताचा कापूस ओठांना लावत शेजारी बसायचे, तेव्हाही "तुम्ही घ्या, थोडं घ्या" असंच म्हणत. मला एकदा वाटलं, निदान आता तरी यांनी काकूंना सुलभा म्हणून हाक मारावी. ती त्यांनी शेवटपर्यंत मारली नाही. एका दमट दुपारी काकू गेल्या. घाटावरून आल्यावर काकांनी घरातली सगळी दारं उघडून टाकली आणि मंजिरीनं चारदा सांगूनही लावू दिली नाहीत. पाऊस आतपर्यंत येत होता.

मंजिरीनं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. त्यांनी विरोध केला नाही, आणि तेच मला बघवलं नाही. जायच्या आधी त्यांनी नाव रैकवारला परत दिली.

कार्तिकात, निघायच्या दोन-तीन दिवस आधी, काका म्हणाले, तलावाकडे एक चक्कर मारू. मी गाडी काढली. रैकवारनं वरची खोली उतरवून टाकली होती. प्लाय त्यानं घरच्या छपराला वापरलं म्हणे. नाव पुन्हा उघडी, रुंद, आणि तिच्यात शिंगाड्यांची ओली पोती भरलेली. काकांनी तिच्याकडे एकदा बघितलं. हात लावला नाही. रैकवार ओशाळला होता. त्यानं दोन्ही ओंजळी भरून शिंगाडे त्यांच्या रुमालात घातले.

मी गाडी वळवून आणायला गेले. परत येऊन काच खाली केली तर काका काठावर पाण्याकडे तोंड करून उभे होते आणि शिंगाडे सोलत होते. काटे मोडायचे, नखानं साल काढायची, पांढरा गर डाव्या तळहातावर ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. स्वतः एकही खात नव्हते. साली बुटांवर पडत होत्या. बोटं काळी झाली होती. रुमाल रिकामा झाला तेव्हा त्यांनी तळहातावरच्या त्या ढिगाकडे बघितलं, हा आपल्या हातात कुणी दिला असं विचारावं तसं. मी हॉर्न वाजवला नाही. ते बराच वेळ हात तसाच पुढे धरून उभे राहिले.